ओठ हलतायत

बाईंनी ते कौतुकानं सांगितलं, म्हणून आधी मीही हसले. शाळेच्या फाटकाशी आयांची गर्दी होती, कुणाची पाण्याची बाटली राहिली होती, कुणाचा स्वेटर, आणि त्या गोंधळात बाई ठकूचा हात माझ्या हातात देत म्हणाल्या, "काय गुणाची आहे हो तुमची! खेळण्यांच्या कपाटाच्या दारात बोट अडकलं हिचं. मी आपली फळ्याकडे तोंड करून उभी. मागून आवाज येतो, 'बाई, सॉरी हं, तुमचं झालं की जरा इकडे याल का? थोडंसं दुखतंय.' अहो, थोडंसं! दुसरं कुणी असतं तर शाळा डोक्यावर घेतली असती." शेजारची एक आई म्हणाली, "आमच्या भोंग्याला पाठवते तुमच्याकडे शिकवणीला." सगळ्या हसल्या. मी हसता हसता "थँक्यू" म्हणाले. कशाबद्दल, ते मला आजही सांगता येणार नाही. मग बोट पाहिलं. मधलं बोट. नखाखाली रक्त साकळून ते जांभळ्याच्या पलीकडे, जवळजवळ काळं झालं होतं, आणि नख खालून कुणीतरी ढकलत असल्यासारखं किंचित वर आलं होतं. "किती वेळ अडकलं होतं गं?" मी विचारलं. ठकूनं खांदे उडवले. "बाईंचं झालं नव्हतं ना अजून," ती म्हणाली.

घरी जाताना मी तिचा दुसरा हात धरला होता, गरजेपेक्षा घट्ट. ओरडली का नाहीस, म्हटलं. तर म्हणे, बाई शिकवत होत्या. मग काय झालं शिकवत होत्या तर? "मधेच मोठ्यानं बोललं की वाईट दिसतं." रस्ता ओलांडायचा होता, दिवा लाल होता, आम्ही दोघी फुटपाथच्या कडेला उभ्या होतो आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पाच वर्षांच्या पोरीचं तोंड, ओठांच्या कडेला दुधाचा वाळलेला डाग. 'सॉरी हं.' 'जरा.' 'याल का.' 'थोडंसं.' ही नाणी माझ्या टाकसाळीतली होती. घरातल्या इतर कुणाची नव्हती. सासूबाई बोलतात तेव्हा खालच्या मजल्यावरचं कुत्रं उठून बसतं. ठकूच्या बाबाला तर बाथरूममधून टॉवेल मागताना आकाशवाणी करायची सवय आहे. उरले कोण?

मी आवाज देते. बाहेरच्या सिनेमातल्या बायका आपल्या भाषेत बोलतात, तेव्हा बऱ्याचदा त्या माझ्या गळ्यातून बोलत असतात. पडद्यावरच्या बाईला मी कधी भेटलेली नसते, पण तिचे पुढचे दात, जिभेचं टोक, बोलण्याआधी तिनं आत घेतलेला श्वास मला सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त ओळखीचा असतो. त्यांचं वाक्य लांब, आपलं आखूड. आपलं संपतं आणि पडद्यावर ओठ उरतात. उरलेल्या ओठांत काहीतरी टाकावं लागतं, नाहीतर बाई नुसती माशासारखी तोंड उघडमीट करताना दिसते. याला आम्ही ओठ भरणं म्हणतो. पुरुषाचे ओठ उरले तर त्यात 'हे बघ' टाकतात, 'ऐक' टाकतात, 'मी सांगतो' टाकतात. बाईचे उरले तर 'म्हणजे', 'ना', 'प्लीज', 'सॉरी हं', 'जरा'. हे कुणी ठरवून दिलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे हे जसं अंधारातही हाताला कळतं, तसं ते कळतं. स्टुडिओत मी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. "कितीही उरू देत, ही भरून काढते," असं आमच्याकडून डबिंग करून घेणारे मास्तर नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात आणि मी मान खाली घालून हसते, म्हणजे हसायचे. घरी सराव करताना ठकू टेबलाखाली असायची. तिची भातुकली, तिच्या बाहुल्या. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे मी विळीवरून, सिंकवरून, कपड्यांच्या दोरीवरून बोलत असायचे: कुठे निघालात? तुम्हाला लागलं तर नाही ना? आता काय होणार? सिनेमातल्या बायका प्रश्न फार विचारतात. त्यांनी विचारल्याशिवाय पुरुषांना गोष्ट सांगता येत नाही. 'आता काय होणार' हे मी इतक्या सिनेमांत विचारलंय, आणि दर वेळी कुणीतरी खालच्या आवाजात मला उत्तर दिलंय. टेबलाखालून एक बाहुली दुसरीला म्हणायची, "सॉरी हं, तुमचं जेवण झालं की मी जेवू का?" मला ते गोड वाटायचं. मी ते फोनवर रेकॉर्डसुद्धा केलं होतं.

"बर्फ लाव," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बोट चष्म्याजवळ नेऊन पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "पोर सोशिक आहे हो. हिच्या बापाचा गुडघा खरचटला तर पलीकडच्या गल्लीतल्या बायका चौकशीला यायच्या." ठकूचा बाबा आला, त्यानं बूट काढता काढता विचारलं, "दुखतंय का गं?" ठकू म्हणाली, "थोडंसं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "थोडंसंच म्हणतेय. उतरेल. तू उगाच बाऊ करतेस." यावर मी जे बोलले ते मी बोलताना ऐकत होते, कानावर हेडफोन असावा तसं. "मी काय म्हणते, दाखवून घेऊया का एकदा? म्हणजे, तुला वेळ असेल तर. नाहीतर मी बघते काहीतरी, पण जरा बरं वाटेल ना आपल्याला." एवढ्या सगळ्यात मला म्हणायचं होतं, डॉक्टरकडे चल. तो टीव्हीचा रिमोट शोधत म्हणाला, "उद्या बघू." तो वाईट माणूस नाही. त्याला जेवढं ऐकू आलं, तेवढ्याचं त्यानं उत्तर दिलं.

'मी काय म्हणते' हे माझं नव्हे, आईचं. आई बाबांशी बोलायला लागली की आधी हे दार उघडायची आणि मग दारातच उभी राहायची. मी काय म्हणते, गॅस संपत आलाय बहुतेक. मी काय म्हणते, ताईचं लग्न ठरतंय असं ऐकलं. पुढचं बाबांनी ओळखायचं. स्वयंपाकघरातला तिचा आवाज निराळा होता, रुंद, भांड्यांवर आपटणारा. मधल्या खोलीचा उंबरा ओलांडला की तो बारीक व्हायचा, सुईत ओवण्याआधी दोरा ओला करून पिळतात तसा. ती मला दुपारच्या खेळाला सिनेमाला न्यायची. अंधारात मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायचे. नायिका बोलायला लागली की आईचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. वाक्य तिला आधीच ठाऊक असायचं, सिनेमा नवा असला तरी. मी सातवीत असताना तिच्या पोटात दुखायला लागलं. 'जरा पोटात दुखतंय' असं ती म्हणायची आणि भाकऱ्या थापायची. जरा दुखतंय म्हणत तिनं पाहुण्यांचं केलं, माझी परीक्षा करून घेतली, आणि एका सकाळी मोरीत ती वाकली ती सरळच होईना. हॉस्पिटलात डॉक्टर तिच्यावर खेकसले, "आत सगळं फुटलंय बाई. इतके दिवस गप्प कशा बसलात?" आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी तिला त्या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलेलं मी पाहिलं. "सांगत होते की," ती म्हणाली. ती त्यातून उठली. पण ते 'सांगत होते की' माझ्या अंगात कुठेतरी शिरून बसलं. ती खरंच सांगत होती. रोज सांगत होती. ज्या आवाजात सांगत होती तो आवाज ऐकायचा नसतो, नुसता असायचा असतो, पंख्याच्या घरघरीसारखा.

सकाळी बोट दुप्पट झालं होतं आणि ठकूचं कपाळ कोमट. मी कुणालाही काही न म्हणता दवाखान्यात फोन केला. दुपारची वेळ मिळाली. सासूबाईंना गुडघ्यामुळे तिला घेऊन जिना उतरता येत नाही, आणि माझं एका सिनेमाचं शेवटचं काम राहिलं होतं, म्हणून ठकूला घेऊनच स्टुडिओत गेले. काचेपलीकडच्या खोलीत मास्तरांनी तिला आपल्या शेजारच्या फिरत्या खुर्चीवर बसवलं, डोक्यावर मोठाले हेडफोन चढवले, बिस्किटाचा पुडा पुढे ठेवला. तिनं दुखरं बोट उभं धरलं होतं, वर्गात उत्तर येत असल्यासारखं. पुरुषांचे आवाज देणारा आमचा एक जण आहे, त्याला सगळे खर्ज म्हणतात. तो तिथे चहा पीत बसला होता. "काय गं ठकूबाई, कुणाचे दात पाडलेस?" ठकू म्हणाली, "नाही काका, सॉरी, दारानं मला मारलं." खर्ज हसला. मास्तर हसले. मी काचेतून पाहिलं आणि माझ्या तोंडाला कोरड पडली. मी पाणी प्यायले. पाण्यानं गेली नाही.

प्रसंग साधाच होता. जेवणाचं टेबल, पाहुणे, मेणबत्त्या. नवरा काहीतरी विनोद सांगतो, पाहुणे हसतात, आणि हसतानाच त्याचा हात टेबलावरच्या बायकोच्या मनगटावर पडतो आणि तिथेच राहतो. बोटांची पेरं पांढरी होतात. मग कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो. ती त्याच्याकडे न बघता, हळू, सपाट आवाजात काहीतरी म्हणते. पाहुण्यांना कळत नाही. माझ्यापुढच्या कागदावर होतं: 'अहो, प्लीज ना, हात सोडा, सगळे बघतायत.' त्यांच्या भाषेत नवरा-बायको एकमेकांना एकाच शब्दानं हाक मारतात. आपल्याकडे येताना तो 'तू'च म्हणतो आणि ती 'तुम्ही' म्हणू लागते. विमानतळावर कुणीतरी तिच्या अंगावर पदर टाकावा तसं. मी तो तुकडा आवाज बंद करून पाहिला. पुन्हा पाहिला. 'प्लीज' म्हणताना भुवया वर जातात. मला माहीत आहे, माझ्या जातात, अंधारातसुद्धा जातात. तिच्या गेल्या नव्हत्या. ती विनवत नव्हती, विचारत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीही मागितलेलं नव्हतं. आणि मला एकदम त्या बाईची लाज वाटली, म्हणजे तिच्यासमोर माझी.

दिवा लागला. तो लागला की रेकॉर्डिंग सुरू. मी म्हटलं, "हात सोड." संपलं. पडद्यावर ओठ चालूच. कानात मास्तर ओरडले, "ओठ हलतायत, मुली! ओठ हलतायत! मुकी झाली का ती?" थोड्या वेळापूर्वी खर्जचे ओठ एका वाक्यात असेच उरले होते, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "राहू दे, पुटपुटला असेल काहीतरी." मी डोळे मिटले. तिच्या ओठांचा आकार आता माझ्या ओठांत होता. आधी मिटलेले, मग रुंद, मग पुन्हा मिटलेले. त्या आकारात बसेल असं काहीतरी असणारच होतं, ते इतकी वर्षं कुणी शोधलं नव्हतं इतकंच. दिवा लागला. "माझ्या मनगटावरचा हात काढ," मी म्हटलं. "आत्ता." ते बसलं. पायात जोडा बसतो तसं बसलं. आवाजही माझा वाटेना. माझ्या छातीत इतकी खोल खोली आहे हे मलाच माहीत नव्हतं, आणि त्या खोलीत गार होतं. खर्जनं चहाचा कप तोंडाशी नेऊन तसाच धरला होता. ठकू माझ्याकडे टक लावून बघत होती.

"बसलं," मास्तर म्हणाले. "पण नको."

"का मास्तर?"

"उद्धट वाटते गं. पुढे मरायची आहे ती. लोकांना रडायचंय तिच्यासाठी. अशी बोलली तर रडेल कोण?"

खर्ज म्हणाला, "मास्तर, मुळातही ती असंच म्हणते की."

"मुळातल्यांचं मुळातले बघून घेतील. आपल्या बायका असं बोलतात का? तू सांग, बोलतात?"

मी तिथेच उभी होते, कानावर हेडफोन, तोंडासमोर माईक. आपल्याच बायकांपैकी एक. खर्जऐवजी मला विचारलं असतं तर. म्हणजे इतकी वर्षं ते सगळं 'प्लीज', 'सॉरी हं' ओठ उरतात म्हणून नव्हतं. ओठ तर भरले होते, काठोकाठ भरले होते; त्यांना भरलेले नकोच होते, गोड हवे होते. मी म्हटलं, "मास्तर, म्हणजे, मला काय वाटतं, जरा एकदा ऐकून तर बघा ना..." आणि थांबले. माझं हे वाक्यसुद्धा हेडफोनमधून माझ्याच कानात परत आलं होतं, चांगल्या मशीनवर, स्वच्छ, प्रत्येक 'ना' सुटा सुटा ऐकू येईल असं. मास्तर घड्याळाकडे बघत प्रेमानं म्हणाले, "पोरीला डॉक्टरकडे न्यायचंय ना तुला? एक गोडसं दे आणि पळ." ठकूचं बोट काचेमागे उभंच होतं. दवाखान्याची वेळ जवळ येत होती. दिवा लागला. माझ्या भुवया वर गेल्या. "अहो, प्लीज ना, हात सोडा, सगळे बघतायत." मास्तरांनी मान डोलावली, खर्जनं कप खाली ठेवला, आणि पडद्यावरची ती बाई, जिनं हे म्हटलंच नव्हतं, माझ्याकडे बघत ते म्हणून मोकळी झाली.

दवाखान्यापर्यंत चालतच जायचं होतं. ऊन होतं, दुकानांची शटरं अर्धी खाली. ठकू दुखरं बोट उभं धरूनच चालत होती. मग म्हणाली, "आई, शेवटचं छान झालं. मास्तरकाकांनी मान डोलावली."

"आणि त्याच्या आधीचं?"

तिनं विचार केला. विचार करताना ती खालचा ओठ चोखते. "तेव्हा मला भीती वाटली."

"कुणाची गं?"

"तुझी." दोनचार पावलं गेल्यावर ती म्हणाली, "पण तेव्हा त्या माणसानं सोडला असता हात."

एका बंद दुकानाच्या पायरीशी चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून मी वाकले. फरशीवर माझी सावली होती, तिच्यात ठकूची मिसळली होती, कुणाचं डोकं कुठलं ते कळत नव्हतं. मला भीती ठकूच्या ओरडण्याची नव्हती, न ओरडण्याची होती. ती उद्या मोठी होईल, कुठल्या तरी टेबलाशी बसेल, तिच्या मनगटावर कुणाचा तरी हात असेल, आणि ती म्हणेल, थोडंसं दुखतंय. तिला सोडवायला आलेले लोक म्हणतील, काय गुणाची आहे. आणि पुढे कुणी विचारलं की इतके दिवस गप्प का बसलीस, तर तिला नवल वाटेल.

डॉक्टर वयस्कर, हसरे. त्यांनी बोट दिव्याखाली धरलं. नखाला बारीक भोक पाडून साकळलेलं रक्त काढायचं, म्हणाले, की दाब जाऊन आराम पडेल. तापवलेली सुई त्यांच्या चिमट्यात होती. "शहाणी मुलगी ना तू? मुळीच रडायचं नाही हं." ठकूनं मान हलवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. ही नजर मला ठाऊक होती. काळोख्या खोलीत दिवा लागायच्या आधी मी पडद्यावरच्या बाईच्या तोंडाकडे अशीच बघते: ती आता काय म्हणणार, कशी म्हणणार, मला कुठून सुरुवात करायची आहे.

"दुखलं तर ओरड," मी म्हटलं.

"अहो, तुम्ही कशाला घाबरवताय तिला?" डॉक्टर म्हणाले.

"किती ओरडू?" ठकूनं विचारलं.

"दुखेल तेवढं."

सुई टेकली. "सॉ..." असं काहीतरी ठकूच्या तोंडून निघालं आणि मधेच मोडलं, आणि तिथून एक किंकाळी बाहेर आली. मी किंकाळ्यांवर पोट भरणारी बाई आहे. जिन्यावरून पडण्याची वेगळी, प्रेत पाहिल्याची वेगळी, सगळ्या माझ्या गळ्यात लावून ठेवलेल्या आहेत. ही त्यातली नव्हती. हिला शेवट नव्हता, ही कुणाला बोलवत नव्हती, कुणी बघतंय की नाही याचा हिला पत्ता नव्हता. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. नखातून काळं रक्त थेंबाथेंबानं वर आलं. "झालं, झालं," डॉक्टर म्हणाले, त्यांचं हसू थोडं आखडलं होतं. "पट्टी बांधायची फक्त. अगं, कसली ओरडतेस! बाहेर माणसं बसली आहेत, काय म्हणतील?" बोलताना त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. पट्टीसाठी धरलं होतं, ते मला दिसत होतं. त्यांची पकड गरजेपेक्षा घट्ट होती, तेही दिसत होतं. ठकूचा श्वास एकदम खाली गेला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, हळू, सपाट आवाजात ती म्हणाली, "माझ्या मनगटावरचा हात काढ. आत्ता."

डॉक्टरांनी हात काढला. भाजल्यासारखा काढला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मग त्यांनी चष्मा खाली ओढून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कमाल आहे! असं बोलतात का मोठ्या माणसांशी? कुणी शिकवलं हे?" ते रागावले नव्हते. ते वाट बघत होते. अशा वेळी आईनं काय म्हणायचं असतं ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, बाहेर कान टवकारून बसलेल्या बाकाला माहीत होतं. वाक्य सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. पुढचं आपोआप झालं. माझ्या भुवया वर जायला लागल्या. जीभ दातांच्या मागे येऊन टेकली. ठकू दुखरं बोट छातीशी धरून, ओल्या डोळ्यांनी, माझ्या तोंडाकडे बघत होती.

ओठ हलले. मी त्यात काही भरलं नाही.